डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं: पेशींमधला रोजचा मेगाब्लॉक आणि कॅन्सर

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणमध्ये राहणाऱ्या माणसाला मेगाब्लॉक म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. रविवारी गाड्या उशिरा धावतात, फास्ट लोकल स्लो मार्गावर वळवल्या जातात आणि तेवढ्या वेळात रूळ, सिग्नल, ओव्हरहेड वायर यांची कामं उरकली जातात. प्रवासी वैतागतात, पण तडा गेलेल्या रुळावरून गाडी गेली तर काय होईल, हेही त्यांना ठाऊक असतं.

आपल्या शरीरातल्या पेशींमध्येही अशीच दुरुस्ती चालते, फक्त तिथे रविवारची वाट पाहिली जात नाही. हे वाक्य वाचून होईपर्यंतही तुमच्या प्रत्येक पेशीत डीएनए कुठेतरी खराब झाला असेल आणि तो नीट करायला कुणीतरी धावलं असेल. हे धावणारे म्हणजे डीएनए दुरुस्त करणारी प्रथिनं. ती काम करतात तोवर त्यांचा पत्ता लागत नाही. ती बिघडली, की कॅन्सरची शक्यता वाढते. आणि काही घरांमध्ये हा बिघाड आजीकडून आईकडे, आईकडून मुलीकडे किंवा मुलाकडे येतो.

प्रोटीन म्हटलं की डाळ, अंडी किंवा जिममधला पावडरचा डबा डोळ्यांसमोर येतो. इथे बोलतोय ते प्रोटीन खाऊन मिळत नाही. खाल्लेलं प्रोटीन पचून त्याचे लहान तुकडे होतात. दुरुस्तीची प्रथिनं मात्र पेशी स्वतः, आपल्या जनुकांमधल्या सूचना वाचून तयार करते. माणसामध्ये दुरुस्तीच्या कामाशी थेट जोडलेली दीडशेहून अधिक जनुकं आहेत.

डीएनए मुळात खराब का होतो?

डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली लांबलचक माहिती. ए, टी, जी आणि सी ही ती अक्षरं. आईकडून आलेल्या संचात सुमारे ३०० कोटी अक्षरं आणि वडिलांकडून आलेल्या संचात साधारण तितकीच. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर तो सुमारे दोन मीटर भरेल. डीएनएला दोन धागे असतात आणि ते एकमेकांना पूरक असतात. एका धाग्यावर ए असेल तर समोर टी, जी असेल तर समोर सी. दुरुस्तीचं सगळं मर्म या जोडीत आहे. एक धागा बिघडला तरी दुसऱ्याकडे पाहून मूळ अक्षर कोणतं होतं, ते कळतं.

१९७०च्या दशकापर्यंत डीएनए हा अतिशय टिकाऊ रेणू आहे, असा समज होता. स्वीडनमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ टोमास लिंडाल यांनी तो खोटा ठरवला. पेशीतलं साधं पाणी आणि शरीराची ऊब एवढ्यानेही डीएनएची अक्षरं गळून पडतात किंवा बदलतात. एका पेशीत दिवसाला अशा दहा हजारांच्या घरात इजा होतात. हिशेब मांडल्यावर लिंडाल यांच्या लक्षात आलं, की हे असंच चालू राहिलं तर पृथ्वीवर जीवसृष्टी टिकूच शकली नसती. म्हणजे कुणीतरी सतत दुरुस्ती करत असणार. त्यांनी ते शोधून काढलं. २०१५ साली रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक लिंडाल, अझीझ संजार आणि पॉल मॉड्रिच यांना मिळालं ते याच कामासाठी. तिघांनी दुरुस्तीच्या तीन वेगवेगळ्या पद्धती उलगडल्या होत्या.

पाणी आणि ऊब यांच्याशिवाय आपण श्वास घेतो त्या ऑक्सिजनमधून तयार होणारी उपउत्पादनं, उन्हातले अतिनील किरण, क्ष-किरण, तंबाखू, काही रसायनं हे सगळे डीएनएला इजा करतात. शिवाय पेशी विभागताना डीएनएची नक्कल करावी लागते, तेव्हा होणाऱ्या चुका वेगळ्याच.

वेगवेगळ्या बिघाडांसाठी वेगवेगळ्या टोळ्या

रेल्वेत रूळ तपासणारा वेगळा, वेल्डिंग करणारा वेगळा, सिग्नल पाहणारा वेगळा. पेशीतही तसंच आहे.

एखादंच अक्षर बिघडलं असेल तर दुरुस्तीचं काम लहान असतं. उदाहरणार्थ, सी या अक्षराचा एक रासायनिक भाग गळला की त्याचं यू होतं. यू हे अक्षर डीएनएत असायलाच नको. एक प्रथिन धाग्यावरून सरकत अशी अक्षरं शोधतं, सापडलेलं अक्षर बाहेर वळवून छाटून टाकतं, दुसरं प्रथिन तिथे धागा कापतं, तिसरं योग्य अक्षर बसवतं आणि चौथं सांधा जोडतं. लिंडाल यांनी शोधलेली पद्धत ती हीच.

एमजीएमटी नावाच्या प्रथिनाची गोष्ट सगळ्यांत निराळी. जी या अक्षराला चिकटलेला नको तो रासायनिक गट ते ओढून स्वतःवर घेतं. पण तो गट त्याच्यापासून पुन्हा सुटत नाही. एक इजा दुरुस्त केली की त्या रेणूचं आयुष्य संपलं. एका अक्षरासाठी एक अख्खं प्रथिन खर्ची घालणं पेशीला परवडतं, यावरून त्या अक्षराची किंमत कळते.

उन्हामुळे होणारी इजा जरा मोठी असते. अतिनील किरणांमुळे शेजारशेजारची दोन टी अक्षरं एकमेकांना चिकटतात आणि धाग्याला गाठ पडल्यासारखं होतं. इथे एक अक्षर काढून भागत नाही. सुमारे ३० अक्षरांचा तुकडाच कापून नवा विणावा लागतो. हे काम करणाऱ्या प्रथिनांपैकी एखादं जन्मतःच निकामी असेल तर झेरोडर्मा पिगमेंटोसम नावाचा दुर्मीळ आजार होतो. अशा मुलांना थोडं ऊनही सोसत नाही आणि लहान वयातच त्वचेचा कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा हजारो पटींनी जास्त असते. आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. म्हणून नात्यातल्या नात्यात, म्हणजे मामाच्या किंवा आत्याच्या घरात झालेल्या लग्नांमध्ये त्याचा धोका वाढतो. दुरुस्ती आणि कॅन्सर यांचं नातं पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते याच आजारात, १९६८ साली.

नक्कल करताना चुकीचं अक्षर बसलं तर ते शोधणारी टोळी वेगळी. तिला मुद्रितशोधक म्हणायला हरकत नाही. एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६ आणि पीएमएस-२ ही त्यातली चार महत्त्वाची प्रथिनं. यातलं एखादं वारशाने बिघडलेलं असलं तर त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. अशा कुटुंबांत मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर तरुण वयात होताना दिसतो.

दोन्ही धागे तुटले तर?

हा सगळ्यांत गंभीर अपघात. समोरचा धागाच शिल्लक नाही, मग मूळ अक्षर कोणतं होतं ते कुणाकडे पाहून ठरवणार?

पेशीकडे इथे दोन वाटा आहेत. पहिली घाईची. तुटलेली दोन टोकं सापडतील तशी जोडायची. गाडी चालू होते, पण मधली चार-दोन अक्षरं हरवू शकतात. दुसरी वाट सावकाश, पण बिनचूक. पेशीने विभाजनाच्या तयारीत डीएनएची आणखी एक प्रत काढलेली असेल, तर त्या प्रतीवरून पाहून हरवलेला मजकूर जसाच्या तसा लिहून घ्यायचा. या दुसऱ्या वाटेवर बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही प्रथिनं काम करतात. बीआरसीए-२ हे आरएडी-५१ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला तुटलेल्या टोकावर नेऊन बसवतं आणि मग आरएडी-५१ जुळणारी प्रत शोधतं.

ही दुरुस्ती किती टोकाला जाऊ शकते, याचा नमुना डायनोकॉकस रेडिओड्युरन्स नावाच्या जिवाणूत दिसतो. १९५६ साली अमेरिकेत किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेल्या मांसाच्या डब्यात तो जिवंत सापडला. माणसाला सुमारे पाच ग्रे इतकी मात्रा जिवावर बेतते. हा जिवाणू पाच हजार ग्रे सोसतो, डीएनएचे तुकडे तुकडे होऊ देतो आणि काही तासांत ते पुन्हा जोडतो. ठाणे खाडीच्या काठावर, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात या जिवाणूवर अनेक वर्षं संशोधन झालं आहे.

दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून वाहतूक थांबवावी लागते. पेशीतला मेगाब्लॉक जाहीर करणारं मुख्य प्रथिन म्हणजे पी-५३. डीएनए तुटल्याची वर्दी एटीएमसारखी प्रथिनं देतात आणि पी-५३ पेशीचं विभाजन रोखतं. दुरुस्ती झाली तर वाहतूक सुरू. नुकसान हाताबाहेर गेलं असेल तर पी-५३ पेशीला मरायला लावतं. ऐकायला क्रूर वाटतं, पण बिघडलेली एक पेशी मेलेली परवडते. माणसाच्या सुमारे निम्म्या कॅन्सरमध्ये पी-५३चं जनुक बिघडलेलं सापडतं. हत्तीत पेशी माणसापेक्षा कितीतरी जास्त, तरी त्याला कॅन्सर कमी होतो. २०१५मध्ये लक्षात आलं, की माणसाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, हत्तीकडे सुमारे ४०. त्याच्या कमी कॅन्सरमागचं एक कारण हे मानलं जातं.

मग कॅन्सर नेमका कधी होतो?

एक चूक सुटली म्हणून कॅन्सर होत नाही. बहुतेक चुका डीएनएच्या अशा भागात पडतात जिथे काही बिघडत नाही. पेशीची वाढ रोखणारी, तिला मरायला लावणारी, तिला जागेवर ठेवणारी अशी अनेक जनुकं एकामागून एक बिघडावी लागतात. त्याला साधारणपणे वर्षानुवर्षं लागतात, म्हणून बहुतेक कॅन्सर उतारवयात दिसतात. दुरुस्तीचं प्रथिन निकामी झालं की चुका साठण्याचा वेग वाढतो. जो प्रवास सत्तरीत पूर्ण झाला असता, तो चाळिशीत पूर्ण होतो.

वेग वाढवायचं दुसरं कारण म्हणजे इजाच इतकी करायची, की चांगली दुरुस्तीही पुरी पडू नये. तंबाखू तेच करते. तिच्यातली रसायनं डीएनएच्या अक्षरांना चिकटून बसतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रोज एक पाकीट सिगारेट वर्षभर ओढली तर फुप्फुसाच्या प्रत्येक पेशीत सरासरी १५० कायमचे बदल साठतात, असं दिसलं. म्हणजे दुरुस्तीच्या हातून निसटून गेलेले बदल. महाराष्ट्रात सिगारेटइतकाच, किंबहुना जास्त, प्रश्न तोंडात धरल्या जाणाऱ्या तंबाखूचा आहे: मळलेली तंबाखू, गुटखा, आणि घरातल्या बायका दात घासायला म्हणून लावतात ती मशेरी. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात हे स्टेशनबाहेर कुणालाही विचारावं लागत नाही. तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने कॅन्सरकारक ठरवली आहे. ‘मी फक्त सुपारी खातो’ हे वाक्य म्हणून फारसं दिलासा देणारं नाही.

डोंबिवलीकरांच्या मनात इथे एमआयडीसीचा प्रश्न येणारच. २०२०च्या सुरुवातीला तिथला रस्ता गुलाबी झाल्याचे फोटो राज्यभर फिरले होते. पण डोळ्यांना दिसणारा रंग हे डीएनएच्या इजेचं माप नव्हे. बेंझिनला रंग नसतो आणि ते रक्ताचा कॅन्सर घडवतं, हे सिद्ध झालेलं आहे. रंगांच्या कारखान्यांत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या बेंझिडीनसारख्या रसायनांमुळे कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. कोणतं रसायन, किती आणि किती वर्षं अंगावर आलं, यावर सगळं ठरतं. म्हणून रस्त्याच्या फोटोपेक्षा हवेच्या आणि पाण्याच्या मोजणीचे आकडे मागणं जास्त उपयोगाचं, आणि त्यातही कारखान्याच्या आत रोज आठ तास काढणाऱ्या कामगाराचा प्रश्न आधी.

कमल रणदिवे आणि घराण्यात चालणारा कॅन्सर

८ नोव्हेंबर २०२१ रोजी गूगलच्या पानावर सूक्ष्मदर्शकाजवळ बसलेल्या एका बाईंचं चित्र झळकलं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. डॉ. कमल रणदिवे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७चा, पुण्यातला. माहेरच्या त्या समर्थ. शिक्षण हुजूरपागा आणि फर्ग्युसन कॉलेजात झालं. एमएस्सीचा त्यांचा विषय सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींची गुणसूत्रं हा होता. लग्नानंतर त्या मुंबईत आल्या आणि परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली काम करत त्यांनी १९४९ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवायला शिकल्या. परत येऊन भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात त्यांनी पेशीसंवर्धनाची, देशातली आपल्या प्रकारची पहिली प्रयोगशाळा उभी केली.

स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध आहे, असं मांडणाऱ्या भारतातल्या सुरुवातीच्या संशोधकांमध्ये त्यांची गणना होते. उंदरांच्या पिढ्यांमध्ये कॅन्सरकडे झुकणारा कल त्यांनी अभ्यासला. तेव्हा हा कल नेमका कोणत्या जनुकात आहे, हे सांगण्याचं साधनच जगात कुणाकडे नव्हतं. त्या निवृत्त झाल्या, १९८२ साली पद्मभूषण मिळालं आणि त्यानंतर, १९९० साली अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी स्तनाच्या कॅन्सरची काही घराणी तपासून दाखवून दिलं, की दोषी जनुक १७व्या गुणसूत्रावर आहे. १९९४ साली ते हाती लागलं. तेच बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी बीआरसीए-२. रणदिवे यांचं निधन २००१मध्ये झालं, म्हणजे ही उत्तरं त्यांच्या हयातीतच आली.

सोशल मीडियावर ‘तिला बीआरसीए आहे’ असं लिहिलेलं दिसतं. बीआरसीए सगळ्यांनाच असतं, स्त्री-पुरुष दोघांना. ते कॅन्सरचं जनुक नाही, तर दुरुस्तीचं जनुक आहे. काहींना त्याची एक प्रत बिघडलेली मिळते, अडचण तिथे आहे. दुसरी चांगली प्रत बरीच वर्षं काम भागवते. पण एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही गेली, की त्या पेशीकडे तुटलेले दोन्ही धागे बिनचूक जोडण्याची सोय उरत नाही.

अशा स्त्रियांना किती धोका असतो? २०१७च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार, ८० वर्षांच्या वयापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता बीआरसीए-१ बिघडलेल्या स्त्रियांमध्ये सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए-२ बिघडलेल्यांमध्ये सुमारे ६९ टक्के होती. अंडाशयाच्या कॅन्सरसाठी हे आकडे अनुक्रमे ४४ आणि १७ टक्के. पुरुषांनाही प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा आणि क्वचित स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो. आता दुसरी बाजू. स्तनाच्या सगळ्या कॅन्सरमध्ये वारशाने आलेले साधारण ५ ते १० टक्केच असतात. घरात कुणालाच नव्हतं, म्हणून मला होणार नाही, हा हिशेब म्हणूनच चुकतो.

आत्या की मावशी?

हा वारसा आईकडूनच येतो, असा एक पक्का गैरसमज आहे. वडिलांकडूनही तो तितकाच येतो. प्रत्येक अपत्याला बिघडलेली प्रत मिळण्याची शक्यता ५० टक्के. पण वडिलांना काहीच झालेलं नसतं, म्हणून आत्याचा कॅन्सर ‘त्यांच्या घरातला’ ठरतो आणि डॉक्टरांना सांगायचा राहून जातो.

इथे मराठी कामाला येते. इंग्रजीत ‘आँट’ म्हटलं की डॉक्टरला पुन्हा विचारावं लागतं, कुठल्या बाजूची? मराठीत आत्या म्हणजे वडिलांची बहीण, मावशी म्हणजे आईची. चुलतबहीण, आतेबहीण, मामेबहीण, मावसबहीण या चार शब्दांतच वंशावळीचा अर्धा तक्ता तयार असतो. कोणाला, कोणत्या अवयवाचा, साधारण कितव्या वर्षी कॅन्सर झाला, एवढं तीन पिढ्यांचं कागदावर लिहिलं तर जनुकीय सल्लागाराचं निम्मं काम होतं. अडचण शब्दांची नाहीच. लग्नाच्या बोलण्यांमध्ये घरातला कॅन्सर दडवला जातो, ‘पोटाचा आजार होता’ एवढ्यावर आजीची कहाणी संपते, आणि अंडाशयाचा कॅन्सर त्या ‘पोटाच्या आजारा’त कायमचा हरवतो.

बिघाडच औषधाच्या कामी

दुरुस्तीतली ही उणीव कॅन्सरच्या पेशीचं बळ असते, तशी तिची कमजोरीही. रेडिएशन आणि सिस्प्लॅटिनसारखी केमोथेरपीची औषधं मुळात डीएनए तोडण्याचंच काम करतात. ज्या पेशीला तो जोडता येत नाही, ती मरते.

२००५ साली यातून एक वेगळी कल्पना पुढे आली. पार्प नावाचं प्रथिन एका धाग्याच्या तुटी सांभाळतं. ते औषधाने अडवलं तर या तुटी वाढून दोन्ही धागे तुटतात. निरोगी पेशी बीआरसीएच्या मदतीने निभावून नेते. कॅन्सरच्या पेशीत बीआरसीए आधीच गेलेलं असतं, त्यामुळे तिच्याकडे कोणतीच वाट उरत नाही. या तत्त्वावरचं ऑलापॅरिब हे औषध २०१४च्या अखेरीस अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. नंतर स्तन, स्वादुपिंड आणि प्रोस्टेटच्या काही रुग्णांसाठीही ते वापरलं जाऊ लागलं.

मुद्रितशोधक टोळी बिघडलेल्या कॅन्सरचं वेगळंच. तिथे चुका इतक्या साठतात, की पेशी विचित्र प्रथिनं तयार करते आणि प्रतिकारशक्तीला ती परकी वाटू लागते. म्हणून अशा रुग्णांना इम्युनोथेरपी चांगली लागू पडते. २०१७मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली ती कॅन्सर कोणत्या अवयवात आहे हे पाहून नव्हे, तर दुरुस्तीतला हा बिघाड पाहून. असं पहिल्यांदाच घडलं.

ही औषधं रामबाण नाहीत. पार्प अडवणारं औषध चालू असताना काही पेशींमध्ये बीआरसीएचं जनुक नव्या बदलामुळे पुन्हा चालू होतं आणि औषध लागू पडेनासं होतं. आणि बीआरसीएची बिघडलेली प्रत नीट करणारी गोळी, काढा किंवा ‘डीएनए रिपेअर’ असं लेबल लावलेली पावडर जगात कुठेही उपलब्ध नाही. तसा दावा करणारा फॉरवर्ड आला तर तो तिथेच थांबवावा.

चाचणी कुणी करावी आणि तिचा अर्थ कसा लावावा?

सरसकट सगळ्यांनी ही चाचणी करायची गरज नसते. स्तनाचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झालेला असेल, अंडाशयाचा कॅन्सर कोणत्याही वयात झालेला असेल, पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल, एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना स्तन, अंडाशय, स्वादुपिंड किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर असेल, किंवा मोठ्या आतड्याचा वा गर्भाशयाचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला असेल, तर जनुकीय सल्ला घ्यावा. नमुना रक्ताचा किंवा लाळेचा लागतो. टाटा मेमोरियल सेंटरमध्ये वारशाने येणाऱ्या कॅन्सरसाठी स्वतंत्र विभाग आहे. परळचं रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ला सुरू झालं. त्याच संस्थेचं संशोधन केंद्र आणि रुग्णालय खारघरला आहे. कल्याण-डोंबिवलीहून खारघर गाठायला दादरपर्यंत जावं लागत नाही, ठाण्याला उतरून पनवेलची ट्रान्स-हार्बर लोकल पकडता येते.

शक्य असेल तर पहिली चाचणी कॅन्सर झालेल्या व्यक्तीची करतात, निरोगी मुलीची किंवा बहिणीची नव्हे. कारण घरात नेमका कोणता बदल आहे हे आधी कळलं पाहिजे. अहवालात तीन प्रकारची उत्तरं येऊ शकतात: घातक बदल सापडला, सापडला नाही, किंवा ‘बदल आहे, पण त्याचा अर्थ अजून निश्चित नाही’. तिसरं उत्तर आलं तर त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेत नाहीत. पुढे माहिती वाढते तसं अशा बहुतेक बदलांचं वर्गीकरण निरुपद्रवी म्हणून होतं.

घातक बदल सापडलेल्या निरोगी स्त्रीला साधारण पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचं एमआरआय आणि तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी सुचवली जाते. मुलं झाल्यावर, पस्तिशी ते चाळिशीच्या दरम्यान, बीआरसीए-२ असेल तर थोडं उशिरा, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा पर्याय डॉक्टर समोर ठेवतात, कारण अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडणारी भरवशाची तपासणी नाही. स्तन काढण्याची शस्त्रक्रिया, जी हॉलिवूड अभिनेत्री अँजेलिना जोलीने २०१३ साली जाहीरपणे सांगितली, हा एक पर्याय आहे, सक्ती नाही.

घरातला बदल एकदा कळला, की बाकीच्यांची चाचणी सोपी होते. मग फक्त त्या एका जागेवर पाहायचं असतं, खर्चही कमी येतो आणि उत्तर हो किंवा नाही असं स्पष्ट मिळतं. ‘नाही’ आलेल्या बहिणीला त्या बदलामुळे येणारा जास्तीचा धोका नसतो. तिची तपासणी इतर कोणत्याही स्त्रीसारखी चालू राहते, आणि तिच्या मुलांना तो बदल तिच्याकडून मिळत नाही.